डोंग झुओला ड्याओचाननं मारलं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक गोष्ट फिरतेय. चीनमध्ये हान घराण्याच्या पडत्या काळात डोंग झुओ नावाच्या क्रूर सेनापतीनं अफाट फौजेच्या जोरावर राजधानी बळकावली. तीन शूर मानलेल्या भावांनी त्याच्या सैन्याला धूळ चारली. शेवटी ड्याओचान या लावण्यवतीनं डोंग झुओ आणि त्याचा मानसपुत्र ल्यू बू यांच्यात आग लावून त्याचा काटा काढला आणि देश सुटला. गोष्ट झकास आहे, कारण ती घटनेनंतर हजारेक वर्षांनी रचलेल्या 'तीन राज्यां'च्या कादंबरीतली आहे. मूळ बखरींत काय आहे ते पाहू.

अफाट फौज? इ.स. 189 मध्ये डोंग झुओ लुओयांग या राजधानीत शिरला तेव्हा त्याच्याबरोबर जेमतेम 3,000 माणसं होती. मग त्यानं एक डाव टाकला. रात्री गुपचूप शिपाई बाहेर पाठवायचे आणि सकाळी त्यांनाच नगारे-निशाणांसह वाजतगाजत आत आणायचं. दर चार-पाच दिवसांनी हे चालायचं. मिरवणुकीत एकच ढोलपथक चारदा फिरवावं, तसलाच प्रकार! शहराला वाटलं, पश्चिमेकडून कुमक येतच आहे. मुळात त्याला बोलावलं दरबारानंच. 'हे जिन' नावाच्या सेनापतीला राजवाड्यातल्या खोजांना धाक दाखवायचा होता. खोजांनी आधी त्याचंच मुंडकं उडवलं. त्याची बिनमालकाची फौज डोंग झुओनं गिळली आणि ल्यू बूकरवी त्याचाच वरिष्ठ सेनापती डिंग युआन याचा खून करवून त्याचीही घेतली. वर्ष सरायच्या आत बादशहा पदच्युत आणि गादीवर आठ वर्षांचं पोर.

तीन भावांची लढाई तर कादंबरीकाराचीच. 191 मध्ये डोंग झुओच्या सैन्याला खरा मार दिला सुन जिअन या सेनापतीनं. डोंग झुओचा सरदार हुआ श्योंगही सुन जिअनच्याच सैन्याच्या हातून मेला. युआन शाओ या सरदाराच्या पुढारपणाखाली डोंग झुओविरुद्ध जमलेले बाकीचे बहुतेक सरदार आपापल्या छावणीत एकमेकांचा अंदाज घेत बसले होते. तोवर डोंग झुओनं लुओयांग जाळून बालबादशहाला आणि प्रजेला पश्चिमेकडच्या चांगआन शहराकडे हाकललंही होतं.

आता ड्याओचान. या नावाची बाई समकालीन नोंदींत कुठेच नाही. नावाचा अर्थच पाहा: 'ड्याओ' म्हणजे सेबल हा केसाळ प्राणी आणि 'चान' म्हणजे सिकाडा हा किडा; सेबलची शेपटी आणि सिकाडा ही दोन्ही दरबारी टोपीवरची भूषणं. मात्र बाई अजिबात नव्हती असंही नाही. डोंग झुओच्या वाड्यातल्या एका दासीशी ल्यू बूचं सूत होतं आणि ते उघडं पडेल या भीतीनं तो गळाठला होता. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

ल्यू बू उलटायचं दुसरं कारण आणखी क्षुल्लक. कशावरून तरी डोंग झुओचं डोकं फिरलं आणि त्यानं हातातला आखूड भाला ल्यू बूवर फेकला. ल्यू बूनं तो चुकवला, माफीही मागितली. वरकरणी विषय मिटला. मंत्री वांग युननं नेमकी हीच जखम चिघळवली. वांग युन आणि ल्यू बू दोघेही बिंग प्रांतातले, त्यामुळे जवळीक आधीच होती. "आमचं बापलेकाचं नातं आहे," असं ल्यू बू म्हणाला तेव्हा वांग युननं त्याला विचारलं, तुझं आडनाव ल्यू, त्याचं डोंग; भाला फेकताना त्याला बाप-लेक आठवलं का?

22 मे 192 रोजी राजवाड्याच्या दारात डोंग झुओवर वार झाला. कपड्यांच्या आत चिलखत होतं, म्हणून पहिल्या घावात तो मेला नाही. त्यानं ल्यू बूच्या नावानं हाक मारली. ल्यू बू म्हणाला, बंडखोराला मारायचा हुकूम आहे. पुढं डोंग झुओच्या मेइवू इथल्या गढीत तीस वर्षं पुरेल एवढं धान्य सापडलं. त्याच्या हलक्या नाण्यांनी बाजारात धान्य सोन्याच्या मोलाचं केलं होतं, हेही इथं सांगायला हवं.

आणि देश सुटला? लोक रस्त्यावर नाचले, हे खरं. पण वांग युननं डोंग झुओच्या सरदारांना माफी द्यायचं टाळलं. पळून जायच्या बेतात असलेल्या त्या सरदारांना त्यांच्यातलाच जिआ श्यू म्हणाला, फौज सोडून एकटे निघालात तर एखादा ठाणेदारही तुम्हाला धरेल. ते उलट फिरले. दोन महिने व्हायच्या आत चांगआन पडलं, वांग युन मारला गेला. ल्यू बू काही शे स्वारांनिशी निसटला. डोंग झुओचं मुंडकं त्यानं खोगिराला बांधून नेलं होतं. डोंग झुओनं युआन कुटुंबाची कत्तल केली होती, तेव्हा त्याच कुटुंबातला सरदार युआन शू हा नजराणा पाहून खूश होईल, असा हिशेब. पण युआन शूकडेही त्याला फार काळ थारा मिळाला नाही.