आमच्या न्हाणीघराचा विसर्ग

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही नाशिककर क्युसेकमध्ये बोलू लागतो. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावर टपरीवर चहा गार होतो. त्याच दिवसांत इंदिरानगरातल्या आमच्या घरी, वरच्या मजल्यावर, 15 लिटरची बादली भरायला 5 मिनिटं लागत होती. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28.3 लिटर. हिशेब मांडला, तर आमच्या शॉवरचा विसर्ग एका क्युसेकचा साडेपाचशेवा भाग निघाला. नदीकाठच्या गावांनी निर्धास्त झोपावं.

त्यातून खाली स्वयंपाकघरात हिने नळ सोडला की वरचा शॉवर रुसायचा. खालच्या नळाला उतार जास्त, पाणी आधी तिकडे धावणार. म्हणून भांडी घासायच्या आधी ही जिन्यातून ओरडायची, "उघडू का?" आणि मी डोळ्यांत साबण गेलेल्या अवस्थेत, "थांब!"

पहिल्या प्लंबरने शॉवर बदलला. दुसरा म्हणाला, "प्रेशरच नाही साहेब, पंप टाका." मेहुण्याने टाकी उंच करायला सांगितलं. दुसऱ्याच्या गच्चीवर बांधकाम काढायला मेहुण्यांना फार आवडतं.

तिसरे काका वयस्कर होते. त्यांनी नळाच्या तोंडावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "जोर आहे की! टाकी आठ फूट वर आहे, तेवढा असणारच." (दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार, आमच्या वाट्याला पाव बारही नाही. पण जे आहे ते आहे.) "पाणी थांबलेलं असतं तोवर जोर शाबूत. चालायला लागलं की वाटेत खर्च होतो. बघू, वाट कशी आहे."

वाट गच्चीवर होती. टाकीतून उतरणारी अख्ख्या घराची लाईन अर्धा इंची, वर सात एल्बो, म्हणजे काटकोनी वळणं. गंजलेला जुना लोखंडी पाईप काढून तिथे सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचा पाईप, मीच टाकून घेतला होता. अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच, असं समजून. लोखंडी अर्ध्या इंचाचं भोक 16 मिलिमीटरचं असतं, सीपीव्हीसीचं साडेबाराच्या आसपास, हे तेव्हा कुणाला ठाऊक! पुढे इंजिनिअर भाच्याने आणखी मीठ चोळलं: पाणी तेवढंच, पण पाईपचा व्यास निम्मा केला, तर घर्षण सुमारे 32 पट. पाईपात वाचवलेले पैसे मी मनातल्या मनात 32 ने भागले.

काकांनी टाकीपासून एक इंची लाईन उतरवली, मजल्यावर पाऊण इंची फिरवली आणि अर्धा इंची फक्त नळाजवळच्या शेवटच्या वीतभर तुकड्याला ठेवली. "आधी नदी, मग ओहोळ," म्हणाले. "तुम्ही उलटं केलं होतं."

आता बादली पाऊण मिनिटात भरते. खाली नळ चालू असला तरी वर शॉवर बरसतो. तरीही सकाळी जिन्यातून आवाज येतोच, "उघडू का?"

मीही सवयीने ओरडतो, "थांब!"

आणि ती थांबते.