घरमालकाची सही ही मेहेरबानी नाही: जर्मनीतल्या ‘आनमेल्डुंग’च्या मेसेजला उत्तर

विंटर सेमिस्टर तोंडावर आलं, की जर्मनीला निघालेल्या मराठी मुलांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच. तो असा: ‘आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी घरमालकाच्या मर्जीवर असते. तो नाही म्हणाला, किंवा करारात तसं लिहिलं असेल, तर विषय संपला. सही खुद्द मालकाचीच लागते. चौदा दिवसांत नोंदणी झाली नाही तर हजार युरो दंड आणि व्हिसा रद्द. नोंदणीशिवाय बँक खातं उघडत नाही, नोकरी सुरू होत नाही. भाडेकरार नि लाइट बिल घेऊन जा, कधीकधी चालून जातं. नाहीतर सरळ पैसे देऊन पत्ता घ्या, सगळे तेच करतात.’

यातलं निम्मं खऱ्याच्या जवळ जातं, म्हणून तर तो इतका फिरतो. पण ज्या समजावर तो उभा आहे, तोच चुकीचा आहे.

‘मालकाच्या मर्जीवर असतं’

नाही. १ नोव्हेंबर २०१५ पासून जर्मनीत नोंदणीचा एकच केंद्रीय कायदा आहे, बुंडेसमेल्डेगेझेट्झ. त्याच्या कलम १७ प्रमाणे घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करणं हे तुमचं कर्तव्य. कलम १९ प्रमाणे त्यात सहकार्य करणं हे घर देणाऱ्याचं कर्तव्य. नोंदणीला जो कागद लागतो त्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे घर देणाऱ्याचा दाखला. पण तो कागद हातात घेऊन बघा. घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, तो स्वतः मालक नसेल तर मालकाचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहायला आलेल्यांची नावं. संपलं. भाडं किती, करार किती महिन्यांचा, याचा उल्लेखही नाही. ‘परवानगी देतो’ असं तर कुठेच नाही.

आपल्या डोक्यात सोसायटीची एनओसी बसलेली असते. सेक्रेटरी गावाला गेला की काम अडलं. हा कागद त्या जातीचा नाही. ही साक्ष आहे: अमुक माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो. माणूस खरोखर राहत असेल तर साक्ष नाकारायचा हक्क घर देणाऱ्याला नाही. त्याने वेळेत कागद दिला नाही तर हजार युरोपर्यंत दंड त्याला होऊ शकतो. आणि मेसेजात जे कधीच नसतं ते असं, की कागद मिळत नसेल तर ते नोंदणी कार्यालयाला ताबडतोब कळवावं, असं कायदाच तुम्हाला सांगतो. पुढची विचारणा कार्यालय करू शकतं.

करारात ‘नोंदणी करता येणार नाही’ असं लिहिलं असेल तर? दोघांनी आपापसात लिहून घेतलं म्हणून सरकारप्रती असलेलं कर्तव्य रद्द होत नाही. आपल्याकडेसुद्धा भाडेकरार नोंदवायची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावरच टाकली आहे. ‘नोंदवायला नको, भाडं कमी करतो’ असं म्हणणारा मालक पुण्यात भेटतो तसाच बर्लिनमध्येही भेटतो, इतकंच.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. बर्लिनमधल्या माझ्या पहिल्या खोलीत मुख्य भाडेकरू असाच अडून बसला होता. कलमाचा आकडा घालून ईमेल केल्यावर सही मिळाली, पण त्यानंतर स्वयंपाकघरात आमचं बोलणं बंद झालं आणि चार महिन्यांनी मी दुसरी खोली शोधली. कायदा तुमच्या बाजूने असला तरी घरांचा तुटवडा तुमच्या बाजूने नसतो. म्हणून हा प्रश्न आत राहायला गेल्यावर नाही, पैसे देण्याआधी विचारायचा.

‘सही खुद्द मालकाचीच लागते’

मालक हॅम्बुर्गला, तुम्ही श्टुटगार्टच्या वेगेमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, आणि मुलं त्याच्या मागे फोन लावत बसतात. गरज नसते. ज्याने तुम्हाला प्रत्यक्ष जागा दिली तो सही करतो. पोटभाडेकरू असाल तर मुख्य भाडेकरूची सही चालते, फक्त मालकाचं नाव त्या कागदावर लिहावं लागतं. होस्टेलमध्ये होस्टेल चालवणारी संस्था कागद देते. मित्राकडे खरोखर मुक्काम हलवला असेल तर मित्रही देऊ शकतो. यातला ‘खरोखर’ हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

‘चौदा दिवस उलटले की दंड आणि व्हिसा रद्द’

दोन आठवडे मोजायचे ते घरात राहायला गेल्यापासून. विमान उतरल्यापासून नाही, करारावर सही केल्यापासूनही नाही. राहायला जाण्याआधी नोंदणी करताही येत नाही. हजार युरो ही दंडाची कमाल मर्यादा आहे, पंधराव्या दिवशी आपोआप फाटणारी पावती नव्हे. बर्लिनसारख्या शहरात ब्युर्गरआम्टची, म्हणजे नोंदणी होते त्या नागरिक कार्यालयाची, वेळच दोन आठवड्यांत मिळत नाही, हे तिथल्या कारकुनांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मिळेल ती पहिली तारीख घ्या आणि बुकिंगची प्रत जवळ ठेवा.

सुरुवातीला हॉटेलात उतरलात तर तेवढ्यासाठी नोंदणीची घाई नाही. ज्याची जर्मनीत कुठेच नोंदणी नाही त्याला तिथे तीन महिन्यांची मुभा आहे.

नोंदणीला उशीर झाला म्हणून व्हिसा आपोआप रद्द होतो, असं काही नाही. खरी अडचण वेगळी आहे. तुमचं काम कुठल्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे जाणार हे तुमच्या पत्त्यावरून ठरतं आणि निवास परवान्याच्या अर्जाला नोंदणीचा कागद लागतो. व्हिसाची मुदत संपत आली आणि पत्ता नाही, ही पंचाईत खरीच. पण ती कॅलेंडर बघून टाळता येते.

‘खातं नाही, नोकरी नाही’

युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही, कायमचा पत्ता नसला तरी, जर्मन बँकेत मूलभूत खातं मागायचा हक्क २०१६ पासून आहे. त्याला बाझिसकोंटो म्हणतात. काउंटरवरचा माणूस सवयीने नोंदणीचा कागद मागतो, हे खरं. मेसेज लिहिणाऱ्याला तोच अनुभव आला असणार. अशा वेळी बाझिसकोंटोचा अर्ज नाव घेऊन मागायचा. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या खर्चाच्या खात्यातले, महिन्याचे ९९२ युरो (सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा) हातात यायला चालू खातं लागतं, तेव्हा विद्यार्थ्यांनी यात संकोच करू नये.

नोकरीचं म्हणाल तर अडतो तो अकरा आकडी कर क्रमांक, जो नोंदणीनंतर पोस्टाने येतो. तो येईपर्यंत नोकरी देणारी कंपनी सहाव्या कर वर्गाने जास्त कर कापू शकतो, नंतर हिशेब सुधारतो. पहिला पगार बघून धक्का बसतो, पण नोकरी थांबत नाही.

‘भाडेकरार नि लाइट बिल’

हे लंडनच्या मावसभावाकडून आलेलं ज्ञान दिसतं. ब्रिटनमध्ये काउन्सिल टॅक्सचं किंवा विजेचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. आपल्याकडेही गॅसचं पुस्तक, लाइट बिल, नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार अशी चळत जमवायची सवय आहे. जर्मनीत पत्ता नोंदणी कार्यालयाच्या नोंदवहीत असतो आणि तिचा उतारा, म्हणजे मेल्डेबेशाइनिगुंग, हाच पुरावा. आणि नोंदणी करताना भाडेकरार कितीही जाड असला तरी घर देणाऱ्याच्या त्या एका पानाची जागा घेत नाही.

‘पैसे देऊन पत्ता घ्या’

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे, आणि तेच सगळ्यात सहज लिहिलेलं. जिथे कुणी राहायला येणार नाही असा पत्ता नोंदणीसाठी देऊ करणं हे त्याच कलम १९ ने मना केलं आहे आणि त्याचा दंड पन्नास हजार युरोपर्यंत जातो. तो विकणाऱ्याला. पण खोटी नोंदणी करणाराही सुटत नाही, हजार युरोपर्यंतचा दंड त्यालाही आहे. म्हणजे उशिराच्या दंडाला घाबरून तुम्ही तेवढाच दंड विकत घेता, वर पैसे मोजून.

दंड बाजूला ठेवा, टपालाचा विचार करा. जर्मन सरकार आजही पत्राने बोलतं. कर क्रमांक, आरोग्य विम्याचं कार्ड, सरकारी कार्यालयाची नोटीस, सगळं नोंदवलेल्या पत्त्यावर. त्या घरात तुम्हाला न ओळखणारा माणूस तुमची पाकिटं उघडतो किंवा टाकून देतो. रेडिओ-टीव्हीची वर्गणी, महिना १८.३६ युरो, घरटी एकदाच भरायची असते. पण तिची पत्रं भलत्याच पत्त्यावर साचली की थकबाकी तुमच्या नावावर वाढत राहते.

खरा पत्ता असूनही पत्रं हरवतात ती टपालपेटीमुळे. बहुतेक इमारतींत फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. आपल्याकडे पासपोर्टवर ‘सचिन रमेश’ हे नाव आणि ‘पाटील’ हे आडनाव. मुलं पेटीवर हौसेने ‘सचिन’ लिहितात आणि कर क्रमांकाची वाट बघत बसतात. पाटील लिहा.

खोलीच्या जाहिरातीत ‘काइने आनमेल्डुंग’, म्हणजे ‘नोंदणी नाही’, दिसलं तर कारण विचारा. बहुधा ती खोली मालकाला न सांगता पोटभाड्याने दिलेली असते, किंवा भाडं कराच्या हिशेबात दाखवलेलं नसतं. तिथली अडचण नोंदणीपुरती राहत नाही, उद्या तुम्हालाच सामान उचलावं लागू शकतं. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, तेही हीटिंग-पाण्याचा खर्च वगळून, आणि ती तीन हप्त्यांत भरता येते. पहिला हप्ता पाठवण्याआधी एका ओळीचा ईमेल टाका: आत आल्यावर वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग मिळेल का? उत्तर लेखी घ्या.