आडवी की उभी?

पन्नाशीनंतर माणसाने मऊ भात खावा आणि मऊ आसनावर बसावे, हे मला केव्हाच पटलेले असले, तरी माझ्या सायकलच्या सीटला ते अद्याप पटलेले नाही. रोज सकाळी कर्वेनगरहून डेक्कनपर्यंत फेरी मारून आलो की तासभर मी चहा उभ्यानेच घेतो, आणि सौभाग्यवती नेमके तेव्हाच ‘बसा ना’ म्हणते.

माझी ही अवस्था पाहून भाच्याने आपली रिकम्बंट सायकल आठवडाभर वापरायला दिली. आरामखुर्चीला चाके लावून पॅडल पार पुढे, पायांच्या टोकाशी नेऊन ठेवावे, तसा तो प्रकार होता. ‘मामा, हिला हसू नका,’ असे बजावून त्याने हिचा इतिहास सांगितला. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या दुय्यम दर्जाच्या शर्यतपटूने असल्याच सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापून १९१४ पासूनचा विक्रम मोडला, तेव्हा आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने पुढच्याच वर्षी नियम असे बदलले की आडवी सायकल शर्यतीतूनच बाद झाली. नियमांवर एवढी श्रद्धा फक्त आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची पाहिली आहे.

पहिल्या दिवशी तोल सावरताना मी कंपाउंडच्या भिंतीशी दोनदा सलगी केली. ते जमल्यावर मात्र सुख म्हणजे काय ते कळले, कारण पाठ टेकलेली, मनगटांवर भार नाही आणि बुडाची तर कसलीच तक्रार नाही. पडलो तरी उंची वीतभर कमी, आणि हँडलवरून डोक्यावर पडण्याची भीती जवळजवळ नाही.

पण रस्त्यावर निघालो आणि आराम व सुरक्षितता या दोन सवती आहेत हे लक्षात आले. रिक्षाचा धूर थेट नाकात येऊ लागला, भटक्या कुत्र्यांशी समान पातळीवरून डोळ्यांत डोळे घालून बोलावे लागले, आणि मोटारवाल्यांना मी दिसेचना. त्यासाठी भाच्याने मागे काठीवर भगवा कापडी झेंडा लावला, तर एका आजींनी झेंड्याला हात जोडले. खाली कोणी झोपले आहे हे त्यांच्या गावीही नव्हते. उड्डाणपुलाच्या चढावर पॅडलवर उभे राहून जोर लावायची सोय नसल्याने मला ती शेवटी ढकलावी लागली.

शेवटी ती पंक्चर झाली. पंक्चरवाल्याने दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारले, ‘काका, ही तर आधीच आडवी झालीय, आता आणखी आडवी कशी पाडू?’

भाच्याची सायकल परत करून दुसऱ्या दिवशी मी जुनीच बाहेर काढली. हवा भरायला त्याच पंक्चरवाल्याकडे थांबलो, तेव्हा त्याने सीटकडे पाहिले, पाना काढला आणि म्हणाला, ‘काका, सीटचं नाक आभाळात गेलंय, टोचणारच की.’ त्याने ते आडव्या रेषेत आणले, हँडल बोटभर वर उचलले आणि दहा रुपये मागितले.

त्या दिवशी मी चहा बसून घेतला. ‘उठा की आता,’ सौभाग्यवती म्हणाली.