कूलरमधली बाळंतीण

होळी आटोपली की नागपुरात घरोघरी एक विधी होतो. गच्चीवरचा कूलर खाली आणायचा, टाकीतला गाळ खरवडायचा, पंप फिरतो का ते बघायचं आणि ताट्यांमधलं मागच्या वर्षीचं गवत उपसून नवं भरायचं. नेमकी मागची ताटी निखळते आणि आतून 'फिस्स' असा आवाज येतो. मोटर जळाली असं समजून गृहस्थ दोन पावलं मागे सरतो. मग वाकून बघतो, तर टाकीच्या कोरड्या तळाशी चार पिल्लं आणि त्यांच्यामागे दोन पेटलेले डोळे. बाळंतीण उडी मारून पसार होते आणि पाचव्या मिनिटाला माझा फोन वाजतो.

"तुमी मांजरं नेता न जी? मंग या न लवकर. आमाले कूलर लावाचा हाये."

"आई कुठे आहे त्यांची?"

"आई टाकून गेली न."

"किती वेळ झाला?"

"झाले असतील धा मिनटं."

दहा मिनिटांत बाजारातून कोथिंबीरही येत नाही, तर मांजर चार पोटांची सोय करून कशी येणार? ती शिकारीला गेलेली असते, किंवा समोरच्या पत्र्यावर बसून तुम्ही कधी टळता याची वाट बघत असते. म्हणून पहिलं काम म्हणजे काहीही न करणं, आणि माणसाला तेच सगळ्यात जड जातं. खिडकी लावून घ्यायची आणि लांबून तीन-चार तास बघायचं. तेवढा धीर नसेल तर पिल्लांभोवती कणकेचं रिंगण घालायचं. कणकेत पावलं उमटली की आई येऊन गेली. पिल्लं स्वच्छ, एकमेकांवर रचून झोपलेली आणि पोटं टम्म असतील तर त्यांचं व्यवस्थित चाललंय, गरज फक्त तुम्हाला कूलरची आहे. मार्चमध्ये चार दिवस पंख्यावर काढा. घर उघडं पडलं की बहुतेक वेळा ती स्वतःच एकेकाला मानेला धरून दुसरीकडे नेते. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्याकडे म्हणतात. आकडा कुणी मोजला कोण जाणे, पण बिऱ्हाड हलवायची तिची सवय खरी आहे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, हे मात्र बहुतेक खोटं.

वाट न बघता उचलायचं ते पिल्लू ओळखू येतं. ते सतत रडतं, अंगाला गार लागतं, मळलेलं असतं, मुंग्या लागलेल्या असतात. गोणीत बांधून कचऱ्यात टाकलेल्या पिल्लांच्या बाबतीत तर आईची वाट बघण्यात काही अर्थच नसतो. (जनावर असं टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड १० ते ५० रुपये. एवढ्या पैशांत सीताबर्डीत पार्किंगवाल्याशी धड भांडणसुद्धा होत नाही.)

पिल्लू घरी आलं की लोक भूतदया वगैरे म्हणू लागतात. इथून पुढे असते ती निव्वळ कारकुनी. घड्याळ, वजनकाटा, नोंदवही. कायमस्वरूपी कर्मचारी रजेवर गेली आहे आणि तिच्या जागी आपण हंगामी लागलोय, एवढंच समजायचं.

आधी खोका. नागपुरात फुकट मिळणारा खोका म्हणजे संत्र्याचा, आणि मांजराला ज्या मोजक्या वासांचा तिटकारा आहे त्यात संत्र्याचं साल वरच्या नंबरावर येतं. शहराला खोकेही मुबलक आणि मांजरंही मुबलक, पण पत्रिका जुळत नाही. किराणा दुकानातून बिस्किटांचा खोका आणावा. उंची दीड फूट तरी हवी, कारण तिसऱ्या आठवड्यानंतर त्यातून गिर्यारोहण सुरू होतं.

मग ऊब. पिल्लाला पहिले तीन-चार आठवडे स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. पहिल्या आठवड्यात भोवतालची हवा ३० ते ३२ अंश लागते, पुढे हळूहळू कमी चालते. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवायची, म्हणजे चटका वाटला तर पिल्लाला सरकायला जागा राहते. तुम्ही म्हणाल, नागपुरात ऊब? २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ वर गेला होता, आणि मे २०२४ मध्ये तर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवून देशभर खळबळ उडवली. (सेन्सर बिघडला होता. आम्हाला मात्र तो आकडा पटला होता.) पण गंमत अशी की नागपुरात पिल्लं गारठतात ती डिसेंबरइतकीच मे महिन्यातही. बाहेर ४५, आणि प्रेमळ माणसानं खोका ठेवलेला असतो थेट कूलरच्या झोताखाली. ओल्या वाऱ्यात दीडशे ग्रॅमचा जीव तासाभरात थंड पडतो. खोका झोतातून बाजूला, भिंतीच्या आडोशाला हवा. उलट कूलर नसलेल्या पत्र्याच्या खोलीत पिल्लू तोंड उघडून धापा टाकू लागलं तर बाटली काढा आणि खोली बदला.

थंड पिल्लाला दूध पाजायचं नाही. हे वाक्य मी फोनवर इतक्यांदा म्हटलंय की घरच्यांना पाठ आहे. करंगळीचं टोक त्याच्या तोंडात घालून बघायचं, आत गार लागलं तर आधी ऊब, तीही तासा-दोन तासांत हळूहळू, अंगाशी कपड्यात धरून. गारठलेल्या पिल्लाचं आतडं काम थांबवतं. दूध पोटात तसंच पडून नासतं, नाहीतर उलटून फुप्फुसात जातं. दया दाखवल्याच्या समाधानात माणूस झोपतो आणि सकाळी पिल्लू उठत नाही.

दूध कुठलं? गाईचं नाही. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या साधारण दुप्पट असतात. गाईचं दूध पाजलं की पोषण अर्धं आणि जुलाब पूर्ण. पाणी घालून पातळ केलं तर पोषण आणखी कमी. पिल्लांसाठीची दूध पावडर प्राण्यांच्या दुकानात मिळते, ती डब्यावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात गुठळी न ठेवता कालवायची. रात्री बारा वाजता दुकान कुठलं उघडं? तेव्हा एखाद-दोन वेळा शेळीच्या दुधावर निभावतात, पण सकाळी दुकानाच्या शटरसमोर तुम्ही हवे.

प्रमाण सोपं आहे. एका वेळी दर १०० ग्रॅम वजनाला ४ मिली. १५० ग्रॅमचं पिल्लू असेल तर ६ मिली, मग त्यानं कितीही आकांत केला तरी ६ मिलीच. पोट तेवढंच असतं. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्यात दर तीन तासांनी, तिसऱ्यात चार. सुई काढलेली दोन मिलीची सिरिंज घ्यायची आणि पिल्लाला पोटावर ठेवून मान किंचित वर करायची. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजायचा मोह प्रत्येकाला होतो, कारण फोटो छान येतो. उताण्या पिल्लाच्या नाकातून दूध बाहेर आलं की समजावं, काही आतही गेलं. दट्ट्या आपण दाबायचा नाही, पिल्लू ओढेल तसा सोडायचा. बाटली वापरत असाल तर उलटी धरून बघा. बुचातून थेंब थेंब पडावं. धार लागली तर भोक मोठं झालंय.

पाजून झालं की पाठीवर थोपटून ढेकर. आणि मग तो भाग, जो सांगितल्यावर अर्धे उत्साही लोक "बघतो, कळवतो" म्हणतात. पहिले तीन-साडेतीन आठवडे पिल्लाला शी-शू आपली आपण होत नाही. आई चाटते तेव्हा होते. आपण चाटायचं नाही. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हलक्या हातानं फिरवायचा, प्रत्येक पाजणीला. शू फिकट हवी. गडद पिवळी दिसली तर अंगात पाणी कमी पडतंय. शी वाटलेल्या मोहरीसारखी पिवळी, घट्टसर. चारचौघांत जेवायला बसून या विषयावर गंभीरपणे बोलू लागलात की ओळखावं, आपण आता या कामात मुरलो.

रोज ठरलेल्या वेळी, पाजण्याआधी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन. (काट्यासाठी घरात जो तह करावा लागतो त्यावर वेगळा लेख होईल.) जन्मतः साधारण १०० ग्रॅम, पुढे रोज १० ते १५ ग्रॅम वाढ. वहीत लिहायचंच, कारण पहाटे तीनच्या आठवणीवर विश्वास नसतो. एक दिवस आकडा जागेवर राहिला तर सावध व्हा. घटला तर पशुवैद्य, त्याच दिवशी. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. शहराला ते म्हशी आणि कुत्र्यांपुरतं आठवतं.

पिसवांचं प्रकरण शेजाऱ्यांच्या सल्ल्यांनी रंगतं. एक काकू फिनेल सुचवतात, दुसऱ्या डांबरगोळ्या, आणि कुत्रा पाळणारे एक काका उरलेलं गोचिडांचं औषध मोठ्या मनानं आणून देतात. हे तिन्ही मांजराला विष आहे. कुत्र्याच्या औषधात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात. ताप वाटतो म्हणून माणसाची पॅरासिटामॉल दिली तर धडधाकट बोक्याचाही जीव घ्यायला एक गोळी पुरते. पिल्लासाठी कोमट पाणी आणि भांड्यांच्या सौम्य साबणाचे दोन थेंब. आधी मानेभोवती फेसाचं कडं करायचं, नाहीतर सगळ्या पिसवा तोंडाकडे धावतात. मग बारीक फणी, आणि लगेच टॉवेलात कोरडं करून ऊब. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर पिसवांनी रक्त संपवत आणलंय. तिथे आंघोळ पुरत नाही, दवाखाना गाठायचा.

घरात आधीचं मांजर असेल तर नव्या मंडळींना दोन आठवडे वेगळी खोली. इथलं हिवाळी अधिवेशनही हल्ली इतकं लांबत नाही. पण पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, आणि तो पिल्लांना दोन दिवसांत नेतो. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, वजनावर मोजून, डॉक्टरांना विचारून. लस सहा ते आठ आठवड्यांपासून, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत. गल्लीतल्या पोट्ट्यांपैकी कुणाला दात किंवा नख लागलं तर हळद दाबू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरकडे जा.

चौथ्या आठवड्यात दात येतात, सिरिंजचं टोक चावून तुटतं आणि ताटलीतलं ओलं खाणं सुरू होतं. शी-शूसाठी माती भरलेला ट्रेही लागतो. गोळे होणारी माती यावेळी नको, पिल्लं ती चाखून बघतात आणि ती पोटात जाऊनही गोळाच होते.

इथून घरं शोधायची मोहीम. प्रत्येकाला 'निळ्या डोळ्यांचं' हवं असतं. सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळे असतात, दीड-दोन महिन्यांत रंग पालटतो आणि मग "तुम्ही दिलं ते हेच का?" असा फोन येतो. बोका की मांजरी यावरूनही फसगत होते. शेपूट वर करून बघायचं, बोक्याचं चिन्ह विसर्गासारखं, दोन ठिपके लांब लांब. मांजरीचं उलट्या उद्गारचिन्हासारखं, जवळ जवळ. व्याकरण कच्चं असलेल्या घरांतून दर वर्षी एक तरी शेरू बाळंत होतो.

म्हणून पिल्लू देताना मी एकच अट घालतो. चार महिन्यांचं झालं की नसबंदीची तारीख घ्या. "एवढीशी तं हाये अजून," असं हमखास उत्तर येतं. मार्चमध्ये जन्मलेली एवढीशी ऑगस्टमध्ये गाभण राहू शकते आणि दिवस भरतात ६३ ते ६५. म्हणजे ऑक्टोबर. तोवर पाऊस संपलेला असतो, कूलर पुसून गच्चीवर चढलेला असतो, आतलं गवत वाळून छान मऊ झालेलं असतं, आणि मागची ताटी जरा सैलच राहिलेली असते.