हिरवा भुंगेरा, लाल शेरा

आज लिहिणारच आहे. भाजी गॅसवर आहे, करपली तर करपू दे.

लेक दुसरीत आहे. शाळेतून रंगवायला एक कागद मिळाला होता, कुठूनतरी डाउनलोड करून छापलेला 'बीटल'. पाठीवर ठिपके, डोळ्यांना लांब पापण्या, तोंडभर हसू. आणि पाय आठ! पोरीने त्यातले दोन पेन्सिलने खोडले आणि भुंगेरा हिरवा रंगवला. साधा हिरवा नाही हो. आधी पिवळा तेलखडू, त्यावर हिरवा, कडेला निळा-जांभळा, मग टूथपिकने बारीक खरवडून चमक काढलेली. तासभर बसली होती. कागद परत आला तो लाल शेरा घेऊन. 'लेडीबग लाल असतो. चित्र खोडू नये.'

खोडलेलं दिसलं, मोजावंसं नाही वाटलं. किड्याला सहा पाय असतात! सात वर्षांच्या मुलीने छापलेली चूक दुरुस्त केली आणि ओरडा तिलाच.

मी बार्शीकडची. पावसाळा लागला की आमच्या बाभळींवर सोनपाखरं यायची. आबांनी मला रिकामी काडेपेटी दिली होती. तिच्यात बाभळीचा पाला अंथरून एक सोनपाखरू ठेवलं आणि त्याचं चित्र काढायला बसले. बारा खडूंची पेटी, त्यात हिरवे दोन, आणि एकही जुळेना. काडेपेटी जरा कलती केली की हिरव्याचा निळा व्हायचा, अजून कलती केली की तांबूस. मी रडकुंडीला आले. आबा म्हणाले, "अगं, त्याचा रंग त्याच्या अंगात नाय, उन्हात हाय."

आबा चौथी शिकलेले. त्या पंखांत हिरवं रंगद्रव्य नसतंच, कवचाच्या अतिपातळ थरांवरून उजेड परततो आणि आपल्याला तो हिरवा दिसतो, हे मला कॉलेज संपल्यावर कळलं.

लेडीबग म्हणे लाल असतो. कुठला? ज्वारीवर मावा पडला की तो खायला येणारे आपल्याकडचे ढालकिडे बघा एकदा. पिवळट, नारिंगी, पाठीवर ठिपक्यांऐवजी काळ्या नागमोडी रेघा असलेलेही असतात. जगात भुंगेऱ्यांच्या सुमारे 4 लाख जाती नोंदवल्या आहेत. काजवा हाही भुंगेराच. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुलिंबावर घोंगावणारे हुमणीचे तपकिरी भुंगेरे शेतकऱ्याच्या पोराला न बघता रंगवता येतील. पण त्यानेही तपकिरी रंगवला की शेरा ठरलेला.

बरं, मान्य. बाईंच्या वर्गात पन्नास पोरं आहेत, कागद त्यांनी काढलेला नाही आणि त्या रात्री तपासायला बसतात. आणि हो, काडेपेटीत जीव कोंडणं बरं नव्हतं, तेही मान्य. कमेंटमध्ये ते सांगायला येऊ नका.

पण 1903 च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने जो मोरपिशी झगा घातला होता, त्यातल्या प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंगेऱ्याचा असाच हिरवा पंख शिवलेला होता. व्हाइसरॉयच्या बायकोला जो हिरवा चालला, तो आमच्या दुसरीच्या वर्गाला चालेना!

(भाजी करपली. बटाटाच होता.)

जरा शांत होऊन लिहिते. मागे एका मैत्रिणीने मला मोठ्यांचं रंगवायचं पुस्तक दिलं होतं, "ताण जातो गं" म्हणून. मी हसले होते. चाळिशीत खडू कसले घासायचे? दीड वर्षं ते इस्त्रीच्या कपड्यांखाली पडून होतं. आज जेवणं झाल्यावर तेच काढलं. त्यात पानभर भुंगेरे आहेत, अंगावर नक्षी भरलेले. एक तिने घेतला, एक मी. पाठीच्या मधली सरळ रेघ मी नुसती गिरवून पुढे जात होते. तिने विचारलं, "आई, ही रेघ कशाला?" म्हटलं, वरचे दोन कडक पंख तिथे मिटतात. "मग उडतो कशाने?" खाली घडी करून ठेवलेले पातळ पंख असतात त्यांनी. लगेच तिने रेघेच्या टोकाशी पातळ पंखाचं एक टोक बाहेर आलेलं काढलं. नक्षीत बसत नव्हतं. काढू दिलं.

ताण गेला का? नाही, राग तसाच आहे. पण दीड तास फोन हातात नव्हता, एवढं खरं.

मग मला राहवेना. माळ्यावरून जुनं कंपास काढलं. ते सोनपाखरू तिसऱ्या दिवशी मेलं होतं. मी फार रडले होते आणि त्याचा एक पंख ठेवून दिला होता. तीस वर्षं झाली. खोडरबराचा चुरा, गंजलेला कर्कटक आणि त्यात तो पंख, तस्साच हिरवा. लेकीने तो दिव्याखाली धरून कलता केला. "आई, माझा जांभळा कमी पडलाय."

तिने शाळेचा तो कागद परत घेतला, जांभळा वाढवला आणि लाल शेऱ्याखाली पेन्सिलने लिहिलं, 'हे सोनपाखरु आहे.' पाखरूचा रू ऱ्हस्व लिहिलाय. मी दुरुस्त केला नाही. उद्या कागद तसाच शाळेत जाणार आहे.