पन्नी फेकायची रीत

कचरा म्हणजे काय, हे आधी पक्कं करून घ्या. तुमच्या अंगणात आहे तोवर तो कचरा. कुपाटीपलीकडे गेला की शेजाऱ्याचं भांडण, नालीत गेला की ग्रामपंचायतीचं काम, आणि पुरात वाहून गेला की खालच्या गावाचं नशीब. एवढं ज्याला कळलं त्याला घनकचरा व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला पंचायत समितीत जाऊन बसायची गरज नाही. तरी जा. चहा-आलुबोंडा मिळतो, आणि त्याच्या प्लेटा टाकायला सभागृहाच्या मागे खिडकी आहे.

२०१६च्या नियमांनी घरातल्या कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितले: ओला, सुका आणि घरगुती घातक. आमच्याकडे घरटी दोन बकेटी वाटल्या, ओल्याला हिरवी, सुक्याला निळी. हिरवीत ढेप भिजवावी, गाईचं तोंड त्यात बरोबर मावतं. निळी पंगतीत वरण वाढायला सोयीची पडते. तिसऱ्या प्रकाराला बकेट आलीच नाही, तेव्हा तो कचरा आपल्या गावात होत नाही असं समजून चालावं.

आता मुख्य विद्या. पन्नी, म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद.

खर्रा माहीत नाही असा वाचक पुण्या-मुंबईचा असेल, त्याच्यासाठी सांगतो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घ्यायचा आणि तळहातानं घोटायचा. ठेलेवाला घोटता घोटता गावाचं राजकारण सांगतो, ते फुकट. मग त्याच पन्नीत पुडी बांधून खिशात. दिवसभर चिमूट चिमूट चालते. शेवटची चिमूट संपली की खरी परीक्षा सुरू होते. नवशिके पन्नी तशीच सोडतात, ती पायाशी पडते आणि लोकांना दिसते. जाणकार माणूस आधी पन्नी उलटी करून झटकतो, दोन बोटांत चुरगळतो, बोलता बोलता हात मागे नेतो आणि बोटं सैल करतो. पन्नी आपणहून निसटल्यासारखी वाटली पाहिजे. मोटरसायकलवर असाल तर फारच छान, मागचा माणूस कोण हे तुम्हाला कळतही नाही.

हिशेब करा. एका माणसाचे दिवसाला दोन खर्रे धरले तर वर्षाच्या ७३० पन्न्या. गावात शंभर शौकीन असले तर त्र्याहत्तर हजार. एवढ्या मोठ्या संख्येनं आपल्या गावात दुसरं काय तयार होतं? सोयाबीनचा भाव बघून तर तेही सांगता येत नाही.

बंदीची भीती बाळगू नका. राज्यानं २३ मार्च २०१८ला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा आमच्या ठेल्यावरच्या पन्न्या आठ दिवस गल्ल्याखाली होत्या. नवव्या दिवशी त्यांना गुदमरायला लागलं म्हणून वर आल्या. पुढे १ जुलै २०२२पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली, त्याच वर्षअखेरीपासून पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ नको असंही ठरलं. मायक्रॉन मोजायचं यंत्र ठेल्यावर नसतं. ठेलेवाला बोटांत पन्नी चोळतो आणि निकाल देतो, "जाड हाये भाऊ, घ्या बिनधास्त."

उकंड्याबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण आपली सगळी कीर्ती त्याच्यावर उभी आहे. माझी आजी सोयरीक पाहायला गेली की घरात शिरायच्या आधी मागच्या अंगाला जाऊन उकंडा पाहून यायची. उकंडा मोठा म्हणजे ढोरं जास्त, ढोरं जास्त म्हणजे वावर चांगलं. शेण, चुलीची राख, ढोरांच्या तोंडचं उरलेलं कुटार, भाजीची देठं, झाडलोट, सगळं त्याच्यावर जायचं. वर्षभर कुजायचं आणि उन्हाळ्यात बंडीनं वावरात. त्या काळी गावात कचरापेटी नव्हती, आणि कचरा टाकायचा कुठे असा प्रश्न कोणाला पडल्याचंही आठवत नाही.

तो हात आपल्याला वारशानं मिळाला आहे. तो जपा. आजीनं राख टाकली त्याच झोकात तुम्ही शाम्पूच्या पुड्या टाका, नातवाचं डायपर टाका, डॉक्टरनं घरी येऊन लावलेल्या सलाईनची नळी टाका. उकंडा कोणाला नाही म्हणत नाही. वैशाखात ट्रॅक्टरची ट्रॉली भरा, दोन-तीन हजार रुपये मोजून हे सगळं वावरात पसरा आणि वर वखर फिरवा. वखराच्या पाशीला पन्न्यांचा झुपका अडकेल. दर दोन तासांनी बैल थांबवून तो सोडवावा, तेवढीच बैलांना विश्रांती. जमिनीत राहिलेल्या पन्नीखाली पाणी नीट मुरत नाही, मूळ तिला वळसा घालून जातं. जाऊ द्या, मुळांनाही थोडं जग पाहू द्या. वर राहिलेल्या पन्न्या वावटळीनं उडून धुऱ्यावरच्या बाभळीला लागतील. लांबून बघाल तर अस्सल फुटलेला कापूस. वेचायला मजूर लागत नाही, आणि या पिकावर गुलाबी बोंडअळीही पडत नाही.

खताचा विषय निघालाच आहे तर नाडेपचा हौद सांगून टाकतो. ही पद्धत बसवली आपल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी, त्यांच्याच आद्याक्षरांवरून ती नाडेप झाली आणि देशभर गेली. साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचा हौद, भिंतीत हवेसाठी झरोके. काडीकचऱ्याचा थर, शेणकाल्याचं शिंपण, वर माती, पुन्हा तसंच. वरून शेणमातीनं लिंपलं की तीन-चार महिन्यांत खत. शेण थोडं लागतं ही त्यातली करामत, म्हणजे ज्याच्या दारात एकच गाय उरली त्याचंही भागावं. आमच्या गावात असे हौद आहेत. रोजगार हमीतून बांधले, फोटो निघाले, बिलं निघाली. एका हौदात सध्या बकरी व्याली आहे. दुसऱ्याच्या विटा घरकुलाच्या न्हाणीला लागल्या. झरोक्यांमुळे न्हाणीत हवा छान खेळते म्हणतात.

पंगतीचं नियोजन सोपं झालं आहे. पूर्वी लग्नाच्या आठ दिवस आधी बाया पळसाची पानं घेऊन पत्रावळी टाचायला बसायच्या. गाणी, थट्टा, वेळेचा नुसता अपव्यय. जेवणं झाली की त्या पत्रावळी ढोरांनी खाव्या नाहीतर उकंड्यात कुजाव्या. आता चकचकीत प्लेट, चकचकीत वाटी, पाण्याचा पाऊच. उष्टं त्यातच ठेवून मांडवामागे ढीग घाला. गावातल्या मोकाट गाई वासावर येतीलच. गाय आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते, निवडत बसत नाही. पन्नी तिच्या पहिल्या पोटात जाऊन बसते, कुजत नाही, पुढे सरकतही नाही. साचत साचत पोट भरलेलं राहतं आणि गाय उपाशी मरते. तिला गोग्रास घातल्याचं पुण्य आपल्याला लागलेलंच असतं.

जाळण्याबद्दल फार सांगत नाही, ती कला आपल्याकडे उपजत आहे. गॅस आला तशी चुलीतली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, धुऱ्यावर आली. ती पेटवताना फुटके पीव्हीसीचे पाइपही टाका. त्यातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात, पण धूर वर जातो आणि वरच्या हवेवर आपल्या ग्रामपंचायतीचा कर नाही.

फवारणीच्या डब्याचं मात्र मला नीट लिहिता येत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. त्यानंतर सगळ्यांनी सांगितलं: रिकामा डबा तीनदा विसळा, विसळलेलं पाणी पंपातच टाका, डब्याला भोक पाडा म्हणजे तो पुन्हा कोणी वापरणार नाही. परवा एका घरी गेलो तर तसाच डबा, भोक न पाडलेला, संडासाला पाणी न्यायला ठेवलेला. झाकणही जपून ठेवलं होतं. तिसरी बकेट आली नाही ती हीच.

असो. तपासणी समिती येणार असेल तेव्हा काय करायचं, हे प्रत्येक गावाला यायला पाहिजे. संत गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१मध्ये सुरू झालं, आणि बाबा तर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन, असा त्यांचा क्रम. आपण त्यात थोडी सुधारणा केली आहे: कीर्तन ठेवलं, झाडू फोटोपुरता घेतला. नवा झाडू आणताना त्याचं वेष्टन काढायचं विसरू नका, मागच्या खेपेला फोटोत दिसलं होतं. पवनारहून विनोबा रोज खांद्यावर फावडं टाकून सुरगावला मैला उचलायला जायचे, पण त्यांच्याकडे ट्रॅक्टर नव्हता. आपल्याकडे आहे. आदल्या रात्री सगळं ट्रॉलीत भरा आणि नाल्यापलीकडे रिकामं करा. घंटागाडीला हार घालून दारात उभी करा. बॅटरी उतरलेली आहे हे उभ्या गाडीकडे पाहून कळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला साठ टक्के हिस्सा स्वच्छता आणि पाण्यासाठीच बांधून दिलेला होता, तेव्हा निदान हार तरी ताज्या फुलांचा असावा.

मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पहाटे आम्ही मारबत, म्हणजे रोगराई गावाबाहेर न्यायचा पुतळा, घेऊन निघालो. आमच्या पोट्ट्यांनी अक्कल लढवली, मारबतीसोबत मांडवामागचा सगळा ढीगही बंडीत घातला. रोगराई जाते तर प्लेटाही जातील. "घेऊन जाय गे मारबत" करत शिवेवरच्या पुलाशी पोचलो. धुकं होतं. पलीकडूनही आरडाओरडा ऐकू येत होता. थोडं उजाडलं तर पुलाच्या त्या टोकाला खालच्या गावाचे लोक उभे, आणि त्यांच्या ट्रॉलीत आमच्यापेक्षा मोठा ढीग. दोन्हीकडचे जरा घुटमळले.

मग त्यांच्यातला एक म्हातारा पुढे झाला, खर्रा काढला, आमच्या सरपंचाला चिमूट दिली आणि म्हणाला, "राम राम पाटील. पयले तुमी टाकता का आमी?"