२० वर्षांचा नियम इथे लागूच होत नाही
एका लेखात म्हटलंय की २० वर्षं उलटली की गुप्तचर खात्याचे कागद माहिती अधिकारात मिळायलाच हवेत. कलम ८(३) मधली ही मुदत आयबी आणि रॉ या गुप्तचर संस्थांना लागू नाही. कलम २४ ने त्यांना कायद्याबाहेरच ठेवलंय. त्यांनी केंद्र सरकारला पाठवलेले अहवालसुद्धा! अपवाद फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा, म्हणून आरोप असेल तर अर्जात तो स्पष्ट लिहा. नसेल तर मंत्रालयाची स्वतःची टिपणं मागा, कलम १० नुसार गोपनीय मजकूर झाकून उरलेलं द्या म्हणावं. नकार आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील.

जुने गोपनीय कागद खुले होण्यातली खरी अडचण १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात आहे. गोपनीय शिक्का असलेली फाईल राष्ट्रीय अभिलेखागारात (जुने सरकारी कागद जपणाऱ्या संस्थेत) जातच नाही, आणि शिक्का काढणार तेच खातं. हे बदलायलाच हवं.